पहिल्या व्याख्यानाआधी

तालुक्याच्या गावात मी संगणकाचे वर्ग घेतो. अलीकडे टायपिंगपेक्षा ‘स्वयम’ किंवा ‘एनपीटीईएल’ यांच्या ऑनलाइन कोर्सना नाव नोंदवायला मदत मागणारेच जास्त येतात. त्यात परिचारिका असतात, प्राथमिक शिक्षक असतात, शेवटच्या वर्षाची मुलं असतात. विषय झेपला नाही म्हणून कोर्स सोडणारे मला फार भेटले नाहीत. पासवर्ड, नाव, फाइल अशा बारीकसारीक गोष्टींत माणसं अडकतात, आणि हे सगळं आधीच मार्गी लावता येतं.

१. ईमेल आपल्याच ताब्यात हवा.
“ताई, हा ईमेल कुणी काढून दिला?” हा माझा पहिला प्रश्न. बहुतेकदा उत्तर येतं, “फॉर्म भरताना दुकानातल्या दादांनी.” म्हणजे पासवर्ड दादांच्या वहीत, आणि खातं परत मिळवायला दिलेला मोबाइल नंबरही त्यांचाच. कोर्सच्या सगळ्या सूचना तर याच ईमेलवर येणार. तेव्हा खात्यात आपला नंबर घाला, पासवर्ड बदला. ओटीपी जुन्या नंबरवर जाण्याची शक्यता असते, म्हणून हे काम दुकानात बसूनच उरकलेलं बरं. नवा पासवर्ड घरच्या डायरीत लिहून ठेवा. कागदावर लिहू नये म्हणतात, पण कपाटातली डायरी मला दुकानातल्या वहीपेक्षा केव्हाही सुरक्षित वाटते.

२. नाव एकदाच, विचार करून भरा.
सर्वांत जास्त मनस्ताप इथे होतो, आणि तो बायकांच्या वाट्याला अधिक येतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर वडिलांचं नाव मधे. त्यात आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय. नोंदणीत भरलेलं नावच प्रमाणपत्रावर छापलं जातं, आणि परीक्षा केंद्रावर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. म्हणून सगळी कागदपत्रं टेबलावर मांडा, केंद्रावर कोणतं नेणार ते ठरवा आणि त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच भरा. प्रमाणपत्र नोकरीत लावायचं असेल, तर तिथल्या सेवापुस्तकातलं नावही आधी पाहून घ्या. नावबदलाचं राजपत्र असेल, तर तेही हाताशी असू द्या.

३. नव्या लॅपटॉपची घाई नको.
जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली, तर व्हिडिओ पाहायला आणि नोट्स काढायला ते पुरतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही. अशा मशीनवर मी लिनक्स मिंट टाकून देतो. कोर्स ब्राउझरमध्येच चालतो, त्यामुळे काही अडत नाही.

४. फाइल कुठे गेली, हे सांगता आलं पाहिजे.
एका शिक्षिकेची असाइनमेंट पूर्ण लिहून तयार होती. अपलोडचं बटण दाबल्यावर मात्र समोर ‘डॉक्युमेंट १’, ‘डॉक्युमेंट १ कॉपी’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी रांग आली. त्यांचा हात माउसवर थांबला तो थांबलाच. आम्ही प्रत्येक फाइल उघडून पाहिली, आणि खरी सापडली व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी कोर्सच्या नावाचा एक फोल्डर करायला लावतो, आत आठवड्यांचे फोल्डर. मोबाइलवरून पीडीएफ करणं आणि तिचा आकार कमी करणं त्याच दिवशी शिकवतो.

५. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा.
कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, वर फक्त देवनागरीचं रूप चढवलेलं. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की त्याला निव्वळ गिचमीड दिसते. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, आणि विंडोज व स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते.

६. वीज आणि नेट जाणारच, असं धरून चाला.
असाइनमेंटची मुदत रात्री ११:५९ ला संपते, म्हणून ती आदल्या दिवशीच भरून टाका. एनपीटीईएलचे व्हिडिओ उतरवून ठेवता येतात, काही कोर्सचं मराठी भाषांतरही मिळतं. तरीही एखादा आठवडा हुकला, तर धीर सोडू नका. एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटच धरतात. त्यांना २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं.

७. माउसची सवय करा.
सगळा कोर्स मोबाइलवर पाहिलेली मुलं परीक्षेला संगणकासमोर बसतात, तेव्हा त्यांचं बोट आधी पडद्याकडे जातं. नेमक्या पर्यायावर क्लिक करणं, पान खाली सरकवणं, प्रश्न सोडून पुन्हा मागे येणं हे हातात बसायला थोडे दिवस लागतात. आमच्या वर्गातली मशीन संध्याकाळी सातनंतर मोकळी असतात. सरावासाठी कुणीही यावं, त्याची फी मी घेत नाही.