हर्नियाची शस्त्रक्रिया आणि पाठपुराव्याचे मोल

"धर्मादाय रुग्णालयाने अभ्यास-संशोधनावर पैसा का खर्च करावा? तेवढ्या रकमेत आणखी दोन खाटा होणार नाहीत काय?" असा प्रश्न आमचे काही देणगीदार मोठ्या आस्थेने विचारतात. प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून शल्यशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची त्याची योग्यता नाही. तथापि रुग्णालयाच्या खर्चाची वही रोज नजरेखालून जात असल्याने, आमच्या शल्यचिकित्सकांकडून समजून घेतलेल्या माहितीच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. त्यासाठी हर्निया हा नेहमीचा आजार घेतला आहे.

आजाराचे स्वरूप

पोटाच्या भिंतीतील स्नायूंचा थर जेथे दुर्बळ असतो, तेथून आतड्याचा किंवा आतील चरबीचा भाग बाहेर येतो. यास हर्निया अथवा अंतर्गळ म्हणतात. जांघेतील हर्निया सर्वाधिक आढळतो व तो पुरुषांमध्ये अधिक असतो. खोकताना किंवा ओझे उचलताना गाठ दिसते, आडवे झाल्यावर ती आत जाते. औषधाने ही फट बुजत नाही. पट्टा बांधल्याने गाठ दबून राहते, एवढेच. शस्त्रक्रिया हाच त्यावरील उपाय होय. जगात दरवर्षी जांघेतील हर्नियाच्या २ कोटींहून अधिक शस्त्रक्रिया होतात.

प्रत्येक हर्निया तातडीचा असतो असे मात्र नाही. २००६ साली उत्तर अमेरिकेतील ७२० पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फारसा त्रास नसलेल्या या रुग्णांपैकी काहींची शस्त्रक्रिया केली गेली, तर काहींना केवळ देखरेखीखाली ठेवण्यात आले. थांबलेल्यांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचे प्रमाण वर्षाला दर हजारी दोनहूनही कमी आढळले. परंतु पुढे दहा वर्षांपर्यंत त्यांचा मागोवा घेतला असता, सुमारे दोन-तृतीयांश जणांनी, मुख्यतः वेदनेमुळे, अखेर शस्त्रक्रिया करून घेतल्याचे दिसले. म्हणजेच घाबरून जाण्याचे कारण नाही. पण शस्त्रक्रिया टळली, असेही समजू नये. हा निष्कर्ष पुरुषांपुरता आहे. स्त्रियांच्या जांघेतील हर्नियात आतडे अडकण्याचा धोका अधिक असल्याने तेथे थांबण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही.

रुग्णांच्या कुटुंबीयांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. गाठ आत जाईनाशी झाली, ती कठीण होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, पोट फुगले किंवा शौच व वायू सरणे बंद झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यास काही तासांतच प्राणावर बेतू शकते.

संशोधनाची वाटचाल

इटलीतील पाडुआ येथील शल्यचिकित्सक एदुआर्दो बासिनी यांनी १८८७ साली स्नायूंचे थर शिवून फट बंद करण्याची पद्धती मांडली. त्यांचे मोठेपण केवळ टाक्यांच्या कौशल्यात नव्हते. घरी गेलेल्या रुग्णांचा त्यांनी पुढे मागोवा घेतला आणि किती जणांना हर्निया पुन्हा झाला, याची मोजदाद प्रसिद्ध केली. टाक्यांनी ओढून जोडलेल्या स्नायूंवर ताण येतो व काही काळाने हर्निया पुन्हा उद्भवतो, ही अडचण मात्र पुढील अनेक दशके राहिली. लॉस एंजेलिस येथील डॉ. आयर्विंग लिश्टेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली, स्नायू न ओढता त्या जागी कृत्रिम जाळी बसवण्याच्या पद्धतीचे अनुभव प्रसिद्ध केले. जाळीमुळे हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, हे त्यानंतरच्या तुलनात्मक अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे.

येथे प्रश्न आला तो किमतीचा. आयात केलेली जाळी गरीब रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. यावर उत्तर शोधण्याचा मान आपल्या महाराष्ट्राकडे जातो. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्या ध्यानात आले की, मच्छरदाणीचे विशिष्ट कापड ज्या प्लॅस्टिकपासून विणले जाते, ते महागड्या जाळीतील द्रव्याच्या जवळचेच आहे. हे कापड धुऊन, कापून व निर्जंतुक करून त्यांनी व अन्य ठिकाणच्या सहकाऱ्यांनी साडेतीनशेहून अधिक हर्नियांवर वापरले आणि २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष मांडले.

याच कल्पनेची कठोर परीक्षा पुढे आफ्रिकेत युगांडा येथे झाली. ३०२ पुरुषांपैकी कोणास स्वस्त जाळी व कोणास व्यापारी जाळी बसवावयाची, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविण्यात आले. स्वस्त जाळीची किंमत सुमारे १ डॉलर, तर व्यापारी जाळीची सुमारे १२५ डॉलर होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णास हर्निया पुन्हा झाला, दुसऱ्या गटात एकासही नाही. लहानमोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, म्हणजे सुमारे ३० टक्के होते.

यावरून बाजारातील कोणतीही मच्छरदाणी चालते, असा अर्थ कोणीही काढू नये. कीटकनाशक लावलेले किंवा ज्याची घटकद्रव्ये ठाऊक नाहीत असे कापड शरीरात ठेवणे धोक्याचे आहे. शिवाय आज आपल्या देशात अशा साधनांना वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ लागू असल्याने रुग्णालयाने परवानाधारक जाळीच खरेदी करावी, हे उचित होय. या संशोधनाचे मोल निराळे आहे. अधिक किंमत म्हणजे अधिक गुण, हा समज त्याने पुराव्यानिशी दूर केला. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये आपल्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. त्या निधीतून एका रुग्णाच्या जाळीवर जे वाचते, ते पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडते.

आमच्या वहीतील उणीव

युगांडातील त्या अभ्यासातील एक आकडा प्रस्तुत लेखकास सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. एक वर्षानंतर ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांची पुन्हा तपासणी झाली होती. ती झाली नसती, तर स्वस्त जाळी टिकली की नाही, हे कोणीही सांगू शकले नसते.

आमच्याकडील एक प्रसंग येथे प्रांजळपणे नमूद करतो. बाजार समितीत हमाली करणारे एक गृहस्थ पत्नीला दाखल करण्यासाठी आले होते. बोलता बोलता समजले की त्यांच्या हर्नियाची शस्त्रक्रिया आमच्याच रुग्णालयात झाली होती. पुढे तो पुन्हा उद्भवला आणि त्यांनी उसनवारी करून अन्यत्र दुसरी शस्त्रक्रिया करून घेतली. "इथं फुकट केलं होतं, परत कोणत्या तोंडानं यायचं?" असे ते म्हणाले. जुना केसपेपर काढून पाहिला. टाके काढल्याच्या तारखेपुढे 'बरा' असा शेरा होता. त्यानंतर ते आले नाहीत, म्हणून आम्ही त्यांना बरे झालेल्यांत धरले होते.

हिशेबनिसास हे चांगलेच कळते. ज्या ऋणकोचा पत्ता लागत नाही, त्याचे येणे वसूल झाले असे कोणी लिहीत नाही. रुग्णाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करीत होतो. त्यांच्या संकोचाचा दोष त्यांच्याकडे नाही. "पुन्हा त्रास झाल्यास निःसंकोच या," हे सांगण्यात आम्ही कमी पडलो.

यास्तव हर्नियाच्या प्रत्येक रुग्णाशी एक महिना, एक वर्ष व तीन वर्षांनी संपर्क साधावा, तपासणीसाठी येण्याचा प्रवासखर्च द्यावा आणि निष्कर्ष, प्रतिकूल असले तरीही, या अहवालात छापावेत, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे सादर करीत आहोत. त्यासाठी लागेल एक प्रशिक्षित कारकून, एक दूरध्वनी, एक नोंदवही आणि बसभाड्याची तरतूद. या खर्चातून कोणाच्या नावाची पाटी लागणार नाही, हे खरे. परंतु देणगीदारांनी दिलेल्या खाटेवरून उठून गेलेला माणूस पुन्हा ओझे उचलू शकतो की नाही, याचे उत्तर तेथूनच मिळेल. रुग्णांच्या कुटुंबीयांनाही नम्र विनंती आहे की, आमचा दूरध्वनी आल्यास आपल्या रुग्णाची प्रकृती जशी असेल तशी सांगावी. आपले खरे उत्तर पुढच्या रुग्णाच्या कामी येणार आहे.