उघडं गेट किती रुपयांना पडतं?

सकाळी सव्वासातला दूधवाले अण्णा गेट उघडतात, पिशवी कट्ट्यावर ठेवतात आणि पुढच्या घराकडे वळतात. गेट तसंच. गेल्या वर्षी एकदा तेवढ्या वेळात आमचा कुत्रा खंड्या बाहेर पडला. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी गल्लीतली तीन कुत्री बसलेली असतात. ती उठली, जुंपली आणि अर्ध्या मिनिटात सगळं उरकलं. त्या अर्ध्या मिनिटाचे ६,४०० रुपये झाले. त्यात मांडीचे टाके, इंजेक्शनं, दोनदा ड्रेसिंग, रेबीजच्या लसीचे डोस आणि रिक्षाभाडं आलं. गेट आपोआप ओढून घेणारी स्प्रिंग २०० रुपयांच्या आसपास मिळते. ती मी भांडणानंतर बसवली.

तेव्हापासून हुबळीच्या नवनगरात कुणी नवं कुत्रं आणलं की मी एकच गोष्ट सांगतो. ट्रेनरचा नंबर नंतर शोधा, आधी दाराकडे बघा. गल्लीतल्या कुत्र्यांशी होणारी बहुतेक भांडणं आपल्याच उंबरठ्यावरून सुरू होतात. पुढचे दर हुबळी-धारवाडच्या बाजाराचा अंदाज म्हणून धरा. दुकानागणिक शंभर-दोनशेचा फरक पडतोच.

पहिला खर्च गेटचा. कंपाउंडचं घर असेल तर गेटच्या खालच्या अर्ध्या भागाला पत्रा मारून घ्या, ८०० ते १,५०० रुपयांत काम होतं. गजांमधून दोन्हीकडची कुत्री एकमेकांना बघतात, भुंकतात, नाक घालतात, आणि रोजची ही धुसफूस साठत जाते. मग ज्या दिवशी गेट उघडं सापडतं त्या दिवशी महिन्याभराचा राग बाहेर पडतो. पत्र्याने ही नजरानजर तुटते. आमच्याकडे आठवड्याभरात सकाळचं भुंकणं निम्म्यावर आलं.

दुसरा खर्च आतल्या दाराचा, आणि तोच सगळ्यात मोलाचा. घराचं दार आणि गेट एकाच वेळी उघडं राहता कामा नये. व्हरांड्याला कंबरेएवढं जाळीचं छोटं फाटक लावलं की मध्ये एक टप्पा तयार होतो. बाळांसाठी मिळणारं तयार फाटक २,००० ते ४,००० रुपयांना येतं. लहान जातीच्या कुत्र्याला ते पुरतं, मोठं कुत्रं ते ढकलून पाडतं. त्यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी फाटक करून घ्यावं. काम किलोवर असतं, साधारण १०० ते १५० रुपये किलो. तीन फुटी फाटकाचं वजन पंधरा-वीस किलो धरा. गोकुळ रोडच्या औद्योगिक भागात दोन ठिकाणी दर विचारा, कडी बाहेरून आणि आतून दोन्हीकडून निघेल अशी मागा आणि उंची कुत्र्याच्या उडीप्रमाणे ठरवा.

उंचीचं एवढं सांगतो, कारण आमचा खंड्या मुधोळच्या रक्ताचा आहे. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या राजांनी ही शिकारी जात जोपासली, आणि २००५ साली तिचं चित्र टपाल तिकिटावरही आलं. आता मुधोळजवळच्या तिम्मापूरला तिच्या संवर्धनाचं सरकारी केंद्र आहे. आपल्या भागात मुधोळ किंवा मुधोळ-मिश्र कुत्री बरीच दिसतात, म्हणून हे ध्यानात ठेवायला हवं. ही जात वासापेक्षा नजरेवर शिकार करते. समोरून मांजर, डुक्कर, स्कूटर, काहीही हललं की पाय आधी सुटतात. ते कुत्रं बेशिस्त नसतं, पिढ्यान्‌पिढ्या त्याला नेमकं एवढंच शिकवलेलं आहे. अशा कुत्र्याला साडेतीन फुटांचं फाटक कमी पडतं. आणि ते सुटून पी. बी. रोडला पोचलं, तर तिथे ‘चिगरी’ या जलद बसची वेगळी मार्गिका आहे, हुबळी ते धारवाड सुमारे २२ किलोमीटर, आणि त्या बसला ऐन वेळी वळायला जागा नसते.

दाराशी थांबायला शिकवण्याला पैसे लागत नाहीत, उकडलेल्या अंड्याचे किंवा पनीरचे चार तुकडे लागतात. कुत्र्याला दारापासून दोन हात मागे बसवा. कडीला हात लावा. ते उठलं तर हात मागे घ्या, काही बोलू नका. बसून राहिलं तर तुकडा द्या. मग कडी काढा, मग दार चार बोटं उघडा, मग पूर्ण. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं केलं तर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री उघड्या दारातही तुमच्या तोंडाकडे बघायला लागतात. आमच्याकडे गाडी एका वेगळ्याच जागी अडली होती. आम्ही ‘थांब’ म्हणायचो, कामाला येणाऱ्या अक्का ‘निल्लु’ म्हणायच्या, आणि मुलगा ‘स्टे’. बिचाऱ्याला तीन शब्दांचा मेळ लागेना. अखेर सगळ्यांनी ‘निल्लु’ ठरवलं, कारण दार सगळ्यात जास्त वेळा अक्काच उघडतात. पाटीही कानडीत लावली, ‘नायी ऐति, गेट हाक्री’, म्हणजे कुत्रं आहे, गेट लावा. गॅसवाला, कुरिअरवाला, दूधवाला यांना मराठी पाटी काय कामाची? पाटीचे १५० रुपये पुरेपूर वसूल झाले.

तरीही कुत्रं सुटलंच तर मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेने पळा, खाली बसा, खाऊचा डबा वाजवा. स्कूटरवर बसायची सवय असलेलं कुत्रं स्कूटर सुरू झाल्याचा आवाज ऐकून परत येतं. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा, तो १०० ते २०० रुपयांना होतो. मायक्रोचिप ५०० ते १,५०० रुपयांत बसते, पण ती वाचायला यंत्र लागतं, म्हणून आधी बिल्ला.

फिरवायला नेताना पट्ट्यावर पैसे वाचवू नका. गळ्याला कसणाऱ्या साखळीपेक्षा छातीवरून जाणारा हार्नेस बरा, ६०० ते १,५०० रुपये. दोरी पाच-सहा फुटांची, साधी, ३०० ते ५००. लांब होत जाणारी गुंडाळी-दोरी गल्लीत नको, दोन कुत्र्यांच्या पायांत ती गुंतली की सोडवता येत नाही. समोरून दुसरं कुत्रं दिसताच आपण नकळत दोरी ताणतो, आणि तो ताण आपल्या कुत्र्याला धोक्याची सूचना वाटतो. दोरी सैल ठेवून कमान करून वळा, शक्य तर रस्ता ओलांडा. अंग ताठ, शेपूट उंच आणि थांबलेली, पाठीवरचे केस उभे, नजर रोखलेली, असं दिसलं की जवळ नेऊन ‘ओळख’ करून द्यायचा विचार सोडा.

हातात छत्री ठेवावी. पावसाळ्यात ती असतेच, मी बारा महिने नेतो. धावत येणाऱ्या कुत्र्यांसमोर छत्री फटकन उघडली की बहुतेक थबकतात. भांडण लागलंच तर गळपट्टा धरायला मध्ये हात घालू नका. मालकांना होणाऱ्या कितीतरी जखमा अशाच असतात, आणि चावणारं कुत्रं अनेकदा आपलंच असतं. बादलीभर पाणी, मोठा आवाज, मध्ये सरकवलेली खुर्ची किंवा पाट यांनी काम होतं. आपलं कुत्रं मोकळं झालं की लगेच घरी आणा आणि केस बाजूला करून अंग तपासा. दाताचं भोक वरून वाटाण्याएवढं दिसतं, आत मात्र कातडी फाटलेली असते, आणि दोन-तीन दिवसांत तिथे पू होतो. त्याच दिवशी दाखवलं तर तपासणीचे २०० ते ५०० आणि औषधं, उशीर झाला तर भूल देऊन टाके घालण्याचे ३,००० ते ८,०००. लस झालेली असली तरी मोकाट कुत्र्याने चावल्यावर रेबीजचे पुढचे डोस डॉक्टरांना विचारून घ्यायचे. वर्षाची रेबीज लस १५० ते ४०० रुपयांत होते. ती चुकवण्यासारखी नाही.

माणसाला दात लागला, नुसता ओरखडा आला, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि निघा. हुबळीच्या केएमसीआरआयसारख्या (पूर्वीचं किम्स) सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. खासगीत एका डोसला साडेतीनशे-चारशे रुपये पडतात, आणि खोल जखमेला लागणारं इम्युनोग्लोब्युलिन त्याहून पुष्कळ महाग असतं. हळद-चुना लावून वाट बघू नका. रेबीज एकदा उमटला की उपचार नाही.

नसबंदीचा खर्च ४,००० ते १०,००० रुपये, आणि तो करावा असं माझं ठाम मत आहे. नराचं भटकणं आणि माजावरची भांडणं त्याने कमी होतात. भित्रेपणातून येणारी मारामारी मात्र शस्त्रक्रियेने जात नाही. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, म्हणजे इथे हुबळी-धारवाड महानगरपालिकेची. त्यासाठी आपण पैसे भरायचे नाहीत, लेखी तक्रार करून पाठपुरावा करायचा. ‘सगळी उचलून न्या’ अशी मागणी मात्र टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाप्रमाणे नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्याच भागात परत सोडायची असतात. रेबीजची किंवा आक्रमक कुत्री त्याला अपवाद. रुग्णालयं, शाळा, बसस्थानकं यांच्या आवारांबाबत ७ नोव्हेंबर २०२५ चा वेगळा आदेश आहे. खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवण्याचीही २०२३ च्या नियमांत सोय आहे. आमच्या गल्लीत गेटांसमोर टाकली जाणारी भाकरी आम्ही मोकळ्या प्लॉटच्या कडेला हलवली, आणि खांबापाशी बसणारी तिन्ही कुत्री आपोआप तिकडे सरकली.

ट्रेनर शेवटी. घरी येऊन शिकवणारे एका वेळेचे ५०० ते १,००० घेतात, महिन्याचं ठरवलं तर ५,००० च्या पुढे. पैसे देण्याआधी एकच विचारा. चूक झाली की कुत्र्याला तुम्ही काय करता? मारणं, कसणारी साखळी किंवा विजेचा झटका असं उत्तर आलं तर नमस्कार करून निरोप द्या. दुसरं कुत्रं दिसताच वेदना होते, एवढंच आपलं कुत्रं शिकतं आणि पुढच्या वेळी आधीच झडप घालतं. चावऱ्या कुत्र्याला पिंजऱ्याचं मुसकं घालायची सवय लावा, ३०० ते ६०० रुपयांना मिळतं, त्यातून त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी मुसकं उन्हात घातक.

वर्षातले अवघड दिवस ठरलेले आहेत. दिवाळीचे फटाके आणि कार्तिकातला कुत्र्यांचा माज लागोपाठ येतात. भ्यालेलं कुत्रं आणि माजावरच्या मादीमागे लागलेला नर, दोघेही याच दिवसांत दार फोडून पळतात. दसऱ्यालाच स्प्रिंगला तेल द्या, कड्या तपासा, बिल्ल्यावरचा नंबर चालू आहे ना ते बघा. फिरणं फटाक्यांआधी, उजेडात उरका.

आणि आपलं कुत्रं कुणाला चावलं किंवा त्याने दुसऱ्याचं कुत्रं फाडलं तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण शेजाऱ्यांत तिथवर जाऊ देऊ नये. गेल्या श्रावणात खंड्याने समोरच्या काकांच्या लॅब्राडॉरचा कान फाडला. मी त्याच संध्याकाळी खंड्याचं लसीचं कार्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो, आणि दवाखान्याचे १,८०० रुपये चहा यायच्या आधीच पुढे ठेवले. काकांनी निम्मे परत केले, त्यांचंही गेट उघडं होतं म्हणाले. आता त्यांचा सोन्या साडेसहाला फिरतो, खंड्या साडेसातला.