एका नाण्यावर दोन राजे

इतिहासाच्या तासाला सरांनी एका रोमन चांदीच्या नाण्याचे चित्र दाखवले. एका बाजूला युद्धनौका, दुसऱ्या बाजूला सैन्याचा गरुड आणि पलटणीचा क्रमांक. ऑक्टेव्हियनशी युद्ध तोंडावर आले असताना, इसवी सनापूर्वी ३२-३१ मध्ये, मार्क अँटनीने सैनिकांच्या पगारासाठी अशी नाणी पाडली. पगाराबरोबर सेनापतीचे नावही सैनिकाच्या हातात पडत असे.

मी विचारले, "सर, आपल्याकडे असे झाले होते का?"

सर हसले. "तू नाशिकचा ना? उत्तर तुझ्याच जिल्ह्यात आहे."

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची होती. पुढे राजाचा चेहरा, मागे बाण आणि वज्र. मात्र त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाचे ठसे होते. एकीकडे तीन कमानींचा डोंगर आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह.

सातवाहन राजा गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला होता. नाणी वितळवून नवी पाडण्यापेक्षा जुन्यांवरच ठसा मारणे सोपे, हे खरे. पण त्यातून लोकांना निरोपही मिळत होता. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतो. ज्याला वाचता येत नसे, त्यालाही राज्य कोणाचे गेले आणि कोणाचे आले, हे कळत असणार.

नाशिकच्या पांडवलेणीतही या विजयाच्या खुणा आहेत. तिथल्या एका लेखात गौतमीपुत्राने विजयी सैन्याच्या छावणीतून आज्ञा पाठवून भिक्खूंना जमीन दिली आहे. ती जमीन पूर्वी नहपानाचा जावई ऋषभदत्त याच्याकडे होती. पण तो लेख वाचायला डोंगर चढावा लागतो. नाणे मात्र आपणहून घरोघरी पोहोचते.

आम्ही कॅडेट लढाया आणि त्यांच्या तारखा पाठ करतो. लढाई जिंकल्यावरही राज्य बदलल्याचे लोकांना पटवावे लागते, हे मला या नाण्यांनी शिकवले. नाणे जिंकणाऱ्याचीच बाजू सांगते, म्हणून ते जपून वाचावे. नहपानाचा चेहरा झाकायला मारलेल्या ठशामुळेच आज आपल्याला त्याच्या पराभवाचा भक्कम पुरावा मिळाला आहे.

सुट्टीत घरी गेलो की या वेळी पांडवलेणी नीट पाहणार आहे.