माउसची अधिक बटणे : कामाची गती आणि हाताची सवय

कार्यालयात संगणकासमोर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचा उजवा हात दिवसाचे कितीतरी तास ज्या लहानशा उपकरणावर असतो, त्या माउसकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संगणकाची गती किती, स्मृती किती, पडदा केवढा, याची चौकशी खरेदीच्या वेळी आवर्जून होते. माउस मात्र यंत्राबरोबर जो येईल तो स्वीकारला जातो. दोन बटणे आणि मध्ये एक चाक एवढ्यावर वर्षानुवर्षे काम चालते. वस्तुतः अंगठ्यापाशी दोन, चार किंवा त्याहूनही अधिक बटणे असलेले आणि प्रत्येक बटणाचे काम वापरणाऱ्याने स्वतः ठरवावे अशी सोय असलेले माउस बऱ्याच वर्षांपासून बाजारात उपलब्ध आहेत. असे माउस संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी असतात, असा समज आहे. तो अगदीच निराधार नसला तरी अपुरा आहे. टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, नकाशांचे रेखन, पुस्तकांची मांडणी अशा कामांतही हे साधन उपयोगी पडते. मात्र ते केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा उलट अडचणच करते, हे समजून घेतल्याखेरीज त्यावर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

एक बटण की अनेक?

माउसला बटणे किती असावीत हा वाद माउसइतकाच जुना आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबर्ट यांनी या उपकरणाची कल्पना मांडली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी 1964 साली त्याचा पहिला नमुना तयार केला. लाकडी पेटी, तळाशी एकमेकांना काटकोनात बसविलेली दोन चाके आणि वर एकच बटण, असे त्याचे रूप होते. पुढे त्याला तीन बटणे आली. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत एंगलबर्ट यांनी सुमारे दीड तासाचे जे प्रात्यक्षिक दाखविले, त्यात त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक छोटी पट्टी होती. पियानोवर स्वर एकत्र वाजवावेत त्याप्रमाणे या पाच कळा निरनिराळ्या जोडीने दाबल्या की 31 वेगवेगळे संकेत मिळत. अक्षरे उमटविणे व आज्ञा देणे ही कामे त्यामुळे माउसवरील हात न हलविता होत असत.

या रचनेमागे एक विचार होता. सायकल शिकण्यास काही दिवस लागतात, पण एकदा शिकल्यावर माणूस जन्मभर वेगाने जातो. तसेच संगणकाचे आहे, असे एंगलबर्ट मानीत. रोज वापरावयाच्या साधनासाठी हाताला थोडे शिक्षण द्यावे लागले तर त्यात काही वावगे नाही, अशी त्यांची भूमिका होती. 1973 साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या आल्टो या संगणकालाही तीन बटणांचाच माउस होता. परंतु 1981 साली त्याच कंपनीने स्टार हा संगणक विक्रीस आणला तेव्हा बटणे दोनवर आली, आणि 1983 साली ॲपल कंपनीच्या लिसा या संगणकाबरोबर ती एकावर आली. पहिल्यांदाच संगणकासमोर बसलेल्या माणसाला ‘कोणते बटण दाबू?’ असा प्रश्नच पडू नये, हा त्यामागील हेतू. संगणक घराघरांत जाऊ पाहत होता, त्या काळाला धरून तो निर्णय योग्यच म्हणावा लागेल. त्याची किंमत मात्र द्यावी लागली. जी कामे बटणांकडून काढून घेतली गेली ती मेनूच्या लांबलचक याद्यांकडे आणि दुहेरी क्लिककडे गेली. एकच बटण लागोपाठ दोनदा, तेही ठरावीक वेळात आणि हात न हलविता दाबावयाचे, ही गोष्ट नवशिक्यास, तशीच वयस्क कर्मचाऱ्यासही, आजतागायत अवघड वाटत आलेली आहे.

त्यानंतर बटणे पुन्हा वाढू लागली. 1996 साली मायक्रोसॉफ्टच्या माउसवर चाक आले. 1999 साली त्याच कंपनीच्या एका नव्या माउसवर अंगठ्यासाठी दोन बटणे आली व त्यांच्याकडे आधीच्या पानावर जाणे आणि पुढच्या पानावर येणे ही कामे सोपविण्यात आली. 2009 साली रेझर कंपनीने तर अंगठ्याखाली बारा बटणांची जाळीच बसविली. एंगलबर्ट यांच्या काळात बटणांचे काम संशोधक ठरवीत, नंतर ते कंपन्यांनी ठरविले. या नव्या माउसमध्ये ते ठरविण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे आला आहे.

सेकंदांचा हिशेब

अधिक बटणांमुळे वेळ वाचतो असे नुसते म्हणून भागत नाही. किती वाचतो ते पाहावे लागते. सुदैवाने याचा अभ्यास फार पूर्वीच झालेला आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल या तिघांनी 1980 साली संगणकावरील कामाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यास सरासरी किती वेळ लागतो याचे कोष्टक प्रसिद्ध केले. सराईत टंकलेखकास एक कळ दाबण्यास 0.2 सेकंद, माउसने पडद्यावरील एखाद्या जागी कर्सर नेण्यास 1.1 सेकंद, कळफलकावरून माउसवर किंवा माउसवरून कळफलकावर हात नेण्यास 0.4 सेकंद आणि ‘आता काय करावयाचे’ हे मनात जुळविण्यास 1.35 सेकंद, असे त्यातील प्रमुख आकडे आहेत.

हे कोष्टक हाती घेऊन एक साधे उदाहरण करून पाहता येईल. एखादी आज्ञा मेनूतून द्यावयाची तर कर्सर मेनूवर न्यावा लागतो, क्लिक करावे लागते, उघडलेल्या यादीतील योग्य ओळीवर पुन्हा कर्सर न्यावा लागतो आणि पुन्हा क्लिक करावे लागते. दोनदा 1.1 आणि दोनदा 0.2, म्हणजे 2.6 सेकंद झाले. तीच आज्ञा अंगठ्याखालील बटणावर असेल तर 0.2 सेकंदात काम होते. दर खेपेस 2.4 सेकंद वाचले. दिवसातून 300 वेळा ती आज्ञा द्यावी लागत असेल तर 720 सेकंद, म्हणजे 12 मिनिटे वाचली. कर्सर इकडून तिकडे नेण्याचे 600 फेरे वाचले ते वेगळेच, आणि मनगटाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहेत.

पण आज्ञा मेनूतून न देता कळफलकावरील दोन कळा एकत्र दाबून दिली तर? उजवा हात माउसवरून उचलून कळफलकावर नेणे व परत आणणे यांस 0.8 आणि दोन कळांस 0.4, मिळून 1.2 सेकंद लागतात. येथे बटणामुळे एक सेकंद वाचतो. आणि डावा हात कळफलकावर आधीच टेकलेला असेल, तर कंट्रोल आणि सी या कळा दाबून मजकुराची नक्कल घेण्यास 0.4 सेकंदच लागतात. तेथे बटणाचा लाभ नगण्य आहे. नक्कल करणे व चिकटविणे ही दोन कामे अनेक जण सर्वांत आधी माउसच्या बटणांवर आणतात. ज्यांचा डावा हात या कळांना सरावलेला आहे, त्यांनी ती तेथे आणण्याचे कारण नाही.

या कोष्टकातील सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र 1.35 सेकंदांचा आहे. ‘हे काम कोणत्या बटणावर ठेवले होते बरे?’ असे आठवण्यात एवढा वेळ गेला, तर कळफलकाच्या तुलनेने वाचलेला एक सेकंद गेलाच, वर उशीर झाला तो निराळा. बारा बटणांचा माउस घेऊन पहिल्याच दिवशी बाराही बटणांना कामे वाटून देणाऱ्याचा वेग वाढण्याऐवजी कमी होतो, त्याचे कारण हेच. अंगठ्याला न विचारता सापडेल तेवढेच बटण खरे उपयोगाचे. बहुतेकांच्या बाबतीत प्रारंभी अशी बटणे दोन किंवा तीनच असावीत.

कामांची निवड

बटणांना कामे देण्यापूर्वी एक-दोन दिवस आपल्या कामाकडेच लक्ष द्यावे. शेजारी एक कागद ठेवून, कोणती कृती वारंवार होते आणि कोणत्या कृतीसाठी उजवा हात माउस सोडून जातो, याच्या खुणा कराव्यात. असा कागद केल्यावर पुष्कळदा अनपेक्षित गोष्ट आढळते. आपण सतत छपाईची आज्ञा देतो असे ज्याला वाटत होते, तो प्रत्यक्षात एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाण्यातच अधिक वेळ घालवीत असतो.

मराठीतून काम करणाऱ्यांसाठी एक काम विशेष सुचवावेसे वाटते. टिपणी मराठीत, पण संकेतस्थळाचा पत्ता, ई-मेल किंवा संगणकीय नस्तीचा क्रमांक रोमन लिपीत, असा प्रकार दिवसभर चालू असतो. विंडोजमध्ये कळफलकाची भाषा बदलण्यासाठी विंडोज कळ आणि स्पेस कळ एकत्र दाबावी लागते. हीच जोडी अंगठ्याच्या बटणावर आणली की मजकुरात योग्य जागी क्लिक करतानाच भाषाही बदलता येते. संगणकावर मराठी व इंग्रजी अशा दोनच भाषा ठेवलेल्या असाव्यात. तिसरी असल्यास बटण दाबल्यावर नेमकी कोणती भाषा येईल हे पाहत बसावे लागते आणि सोय नाहीशी होते.

हिशेबाच्या तक्त्यांत एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणे, रुंद तक्ता डावीउजवीकडे सरकविणे, ही कामे बटणांना साजेशी आहेत. नकाशा किंवा पुस्तकाचे पान मांडणाऱ्यास शेवटची कृती रद्द करण्याची आज्ञा अंगठ्याखाली हवी असते. प्रत्येक कार्यक्रमासाठी बटणांची वेगळी वाटणी करता येते व तो कार्यक्रम समोर आला की ती आपोआप लागू होते. ही सोय आकर्षक आहे. परंतु एकच बटण एका ठिकाणी ‘रद्द करा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘जतन करा’ असा अर्थ घेऊ लागले की हात गोंधळतो. अर्थ शक्यतो सर्वत्र सारखा ठेवावा.

बोटे थरथरणाऱ्या किंवा सांधे आखडलेल्या व्यक्तीस दुहेरी क्लिक एका बटणावर आणून देणे, आणि मजकूर ओढताना बटण दाबून धरावे लागू नये म्हणून विंडोजमधील क्लिकलॉकची सोय चालू करणे, यांमुळे होणारा फायदा सेकंदांत मोजण्यासारखा नाही. पूर्वी दुसऱ्यावर अवलंबून राहून होणारे काम अशी व्यक्ती स्वतः करू शकते.

बटण दाबल्यावर काय होते?

माउस स्वतः फारसे काही जाणत नाही. ‘चौथे बटण दाबले’ एवढाच संदेश तो संगणकाकडे पाठवितो आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम संगणकातील सॉफ्टवेअर करते. त्यामुळे दुसऱ्या संगणकाला माउस जोडला तर ठरविलेली कामे तेथे होत नाहीत. काही माउसमध्ये मात्र ही नोंद ठेवण्यासाठी स्वतःची स्मृती असते. असा माउस कोठेही नेला तरी नेमून दिलेली कामे करतो. ज्या कार्यालयात एकाच संगणकावर दोन पाळ्यांत निरनिराळे कर्मचारी बसतात तेथे हा प्रकार सोयीचा. कार्यालयीन संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसविण्यास बहुधा परवानगी लागते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. तशी परवानगी संगणक कक्षाकडून आधी घ्यावी व सॉफ्टवेअर माउस बनविणाऱ्या कंपनीकडूनच मिळवावे.

एका बटणावर अनेक कळांची मालिकाही नोंदवून ठेवता येते. तिला मॅक्रो म्हणतात. पत्राचा नेहमीचा मायना, कार्यालयाचा पत्ता, तारखेची पद्धत अशा गोष्टींसाठी ती उत्तम आहे. काही जण या मालिकेत आपला संकेतशब्दही नोंदवितात. तसे कदापि करू नये. स्मृती असलेला माउस खिशात घालून नेता येतो. त्याच्याबरोबर तो संकेतशब्दही जातो, आणि जागेवरून उठलेल्या कर्मचाऱ्याच्या माउसचे एक बटण दाबले की तो कोणाच्याही हातून पडद्यावर उमटतो. नस्त्या, वेतनदेयके आणि नागरिकांचे अर्ज आता संगणकावरच असल्याने ही बाब किरकोळ मानता येत नाही. पाठविणे, मंजूर करणे, कायमचे पुसून टाकणे अशा मागे न घेता येणाऱ्या आज्ञाही अंगठ्याखाली नसाव्यात. माउस नुसता उचलतानाही तेथील बटण दाबले जाते.

अंगठ्याची काळजी

माउसचा आकार हाताला बसतो की नाही हे दुकानात हातात धरूनच पाहावे. बाजूला बटणे असलेले बहुतेक माउस उजव्या हाताच्या बेताने घडविलेले असतात. डावखुऱ्यांसाठी पर्याय थोडे आहेत, त्यांनी दोन्ही बाजू सारख्या असलेला नमुना शोधावा. बटण इतके ताठ नसावे की ते दाबताना माउस जागचा हलेल, कारण मग कर्सरही हलतो आणि काम भलत्याच ठिकाणी होते.

मनगटाचे फेरे वाचविताना सगळा भार अंगठ्यावर पडणार नाही, याचीही दक्षता घ्यावी. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत जाणाऱ्या स्नायुबंधांना एकच हालचाल वारंवार केल्याने सूज येते व अंगठा वळविताना वेदना होतात. अंगठ्याच्या बटणांवर दिवसभर शेकडो वेळा दाब देणाऱ्यास हा त्रास होणे शक्य आहे. तशी चिन्हे दिसू लागताच सर्वाधिक वापराचे काम अंगठ्याकडून काढून चाकाजवळच्या बटणाकडे द्यावे, काही काळ डाव्या हाताने कळफलकावरूनच आज्ञा द्याव्यात आणि दुखणे आठवड्याभरात न ओसरल्यास डॉक्टरांना दाखवावे.