लहान सागरी मत्स्यालय : मांडणी व निगा

खाजणपट्टीतील शेतकऱ्यास खाऱ्या पाण्याचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. उधाण बांध फोडून आत शिरले की भातखाचराची काय अवस्था होते, हे त्याला सांगावयास नको. परंतु तेच पाणी काचेच्या पेटीत राखून समुद्रातील मासे जगविणे हे निराळे शास्त्र आहे. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले; तशा मोठ्या संस्थेचे हे काम आता ४० लिटरच्या पेटीतही साधते. कळंबोली-पनवेल परिसरात शाळेसाठी अथवा जोडधंद्याचा पाठ म्हणून ते मांडावयाचे असल्यास एक गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी : पेटी जितकी लहान, तितकी लहानशी चूकही घातक.

पाणी. खाडीचे पाणी वापरू नये. पावसाळ्यात त्याचा खारेपणा घटतो, गाळ वाढतो. शिवाय कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलेला आहे. मिठागराचे मीठही चालत नाही. समुद्राचे पाणी आटताना चुन्याचे क्षार आधी तळाशी बसतात, मग मीठ जमते, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहते. म्हणून ते मीठ पाण्यात विरघळवले तरी समुद्राचे पाणी होत नाही. मत्स्यालयासाठी तयार मिळणारे सागरी क्षारमिश्रण, क्लोरीन काढलेल्या स्वच्छ पाण्यात, दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ असावे.

मांडणी. ४५ × ३० × ३० सें.मी. पेटीत २७ सें.मी. उंचीपर्यंत सुमारे ३६ लिटर पाणी राहते. तळाशी वाळू, वर सच्छिद्र कृत्रिम खडक व पाणी फिरविणारा लहान पंप ठेवावा. तांब्या-पितळेची भांडी वापरू नयेत. तांबे कोळंबीस विषारी आहे.

जिवाणूंची वाढ. शेतात अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू असतात. तसेच जिवाणू खडकावर वाढावे लागतात. अमोनियापासून प्रथम नायट्राइट, मग नायट्रेट होते. यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासा सोडू नये. घाई करणाऱ्याचे पहिले मासे हमखास मरतात.

रोजची निगा. पाणी आटते, क्षार आटत नाहीत. ३६ लिटरमधून ३.६ लिटर आटले की खारेपणा दर हजारी ३५ वरून ३९ वर जातो. म्हणून घट भरताना गोडे पाणीच घालावे. दर आठवड्यास ३ ते ४ लिटर पाणी काढून तितकेच तयार खारे पाणी घालावे. त्यामुळे नायट्रेट साचत नाही. तापमान २५ ते २७ अंश से. राखावे. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा चालवावा, पण त्याने बाष्पीभवन वाढते हे विसरू नये. वीज गेल्यास प्राणवायू घटतो. बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ असावा.

जीव कोणते ठेवावे. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ पाहून ते घरी आणण्याचा मोह होईल. परंतु प्रवाळांस वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ते तोडणे, बाळगणे वा विकणे गुन्हा ठरतो. किनाऱ्यावरचा जिवंत खडकही उचलू नये. विदूषक माशाची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधली आहे. पैदास केंद्रातील दोन लहान मासे या पेटीस पुरेत. दिवसातून एकदोनदा, काही क्षणांत संपेल इतकेच खाद्य द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एकच पेटी मांडून, विशिष्ट गुरुत्व, तापमान व घातलेले पाणी यांची वहीत रोज नोंद ठेवावी. वर्षभर ती पेटी सुरळीत चालली, तरच शेतकरी बंधूंना पुढील भांडवल गुंतविण्याचा सल्ला द्यावा.