वजनकाट्यावर न दिसणारा आजार

आपल्या वर्धा जिल्ह्यातलं सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं, डॉ. सुशीला नायर यांनी उभारलेलं. तिथली पहिल्या वर्षाची मुलं आधी आश्रमात राहतात, मग दत्तक गावात जाऊन घरोघरचं आरोग्य बघतात. कुपोषण ओळखायला वजनकाटा उपयोगी पडतो. पण अन्न समोर असून न जेवणं, किंवा भरपूर खाऊन मुद्दाम ओकणं, हा मनाचा आजार. त्यात वजन कधी कधी नॉर्मलही असतं! डॉक्टर होणारी मुलंही यातून सुटलेली नाहीत. अनेक देशांतल्या अभ्यासांत साधारण दहातल्या एका मेडिकल विद्यार्थ्यात धोक्याची लक्षणं दिसली.

मग ओळखायचं कसं? विचारून. लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये पाच साधे प्रश्न मांडले: पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस? खाण्यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते? तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन घटलं? लोक बारीक म्हणतात तरी स्वतःला जाड समजतेस? सगळं आयुष्य जेवणाभोवतीच फिरतंय असं वाटतं? दोन 'हो' आले की डॉक्टरांकडे न्यायचं. (निदान त्यांचं काम, आपलं नाही. आणि हे प्रश्न मुलांनाही विचारा.)

आपल्याकडे हे उपासाआड सहज लपतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी... कोण शंका घेणार? डबा रोज भरलेला परत येत असेल तर रागावू नका, शेजारी बसून विचारा.