यश कोणाचे? नशिबाचे की मेहनतीचे?





परदेशात स्थिरावल्यावर आपल्या तोंडी दोन वाक्ये सहज येतात. स्वतःविषयी, "मी जे मिळवले ते माझ्या मेहनतीवर." गावाकडच्या भावाविषयी, "त्याचे नशीबच फुटके." ही दोन्ही वाक्ये धम्माच्या कसोटीवर घासून पाहू या.

अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्तात भगवान बुद्धांनी तीन मते नाकारली आहेत. सुखदुःख सर्वस्वी पूर्वकर्माने ठरते, ते ईश्वर घडवतो, किंवा ते विनाकारण येते. असे मानले तर माणसाच्या प्रयत्नाला अर्थच उरत नाही. नशिबाची भाषा इथेच निकालात निघते. पण एकट्या प्रयत्नाने सारे होते, असेही धम्म सांगत नाही. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की जे घडते ते अनेक कारणांच्या आधाराने घडते. बी कितीही सकस असो, माती आणि पाणी लागतेच.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा खर्च रामजीबाबांना झेपेना, तेव्हा थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ साली भीमराव कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली. मागे रमाईने संसार ओढला. हे आधार नसते तर वाट अडली असती; आणि बाबासाहेबांनी रात्रंदिवस अभ्यास केला नसता तर हे आधारही वाया गेले असते. मग आनंदराव कष्टात कमी पडले का? नाही. घरात संधी एकच होती आणि ती धाकट्याला मिळाली.

आपलेही तसेच आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांची लाज बाळगू नका. जागा राखीव असते, पेपर मात्र आपणच लिहिलेला असतो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके होती, त्यांनाही आधार होताच. तो त्यांना दिसत नाही इतकेच.

मंगल सुत्तात कृतज्ञतेला मंगल म्हटले आहे. या आठवड्यात एक वही घ्या. आपल्या वाटचालीत ज्यांनी आधार दिला, त्यांची नावे लिहा. कोणाचे शिक्षण आपल्यासाठी थांबले, तेही आठवा. मग शेवटच्या ओळीत एका विद्यार्थ्याचे नाव लिहा, ज्याचा आधार आता तुम्ही होणार आहात.

भवतु सब्ब मंगलं!